दारावरचा टॉवेल

बारक्या : ती नाही, दाजी. ती माइकची. मला ती बारीक द्या, एका टोकाला चौकोनी तोंड असलेली. प्रिंटरला असते तसली.

दाजी : चौकोनी तोंड. ही का?

बारक्या : हां, हीच. कसली गुंडाळलीय बघा. दुकानातसुद्धा अशी मिळत नाही.

दाजी : तुझ्या बहिणीची पद्धत ती, सकाळी खोली आवरताना मीच तशा गुंडाळल्या. प्रत्येक वायर वेगळ्या पिशवीत, पिशवीला नाडी. आवाजाचा मिक्सर उसना आहे, भावाच्या पोटापाण्याची वस्तू आहे, म्हणून रोज पुसून ठेवायची.

बारक्या : पोटापाण्याची कसली. जुना होता, पडून होता गोडाऊनमध्ये. हल्ली समारंभाला लोकांना मोठा लागतो, दिव्यांचा. ताईला सांगितलं होतं मी, तुलाच घे म्हणून.

दाजी : तिला नाही पटायचं तसं. कोणाचं काही ठेवून घ्यायची नाही.

बारक्या : खोलीत किती कुबट वास येतोय हो. खिडकी उघडू?

दाजी : उघडत नाही. गादी उभी करून ठोकलीयेस ना तू तिथं? गाड्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून.

बारक्या : मीच ठोकली, खरंय. विसरलो.

दाजी : ती गेल्यापासून मी या खोलीचं दार उघडलं नव्हतं. आज तू येतोस म्हटल्यावर उघडलं. टॉवेल अजून तसाच होता बाहेर, कडीला अडकवलेला. काढून धुवायला टाकला.

बारक्या : हं. हा माइक घ्या, स्टँडवर बसवा. तोंडापासून एक वीत. पहिल्या भोकात लावा वायर. नाही, उलटी. टक असा आवाज आला पाहिजे.

दाजी : आला.

बारक्या : आता हेडफोन इकडे, मिक्सरलाच. बरोबर. तुम्हाला तर सगळं येतंय की. मला कशाला बोलावलंत?

दाजी : शाळेचा फोन आला होता. आंधळ्या मुलांच्या शाळेचा. बाई म्हणाल्या, तुम्ही पुस्तकातली वाचून दिलेली पहिली प्रकरणं पोरांनी इतक्यांदा ऐकलीयत की पाठ झालीयत. रोज विचारतात, ती बेटावरची पोरगी होडी घेऊन निघाली, ती पुढं पोचली का नाही. बाकीचं माझ्याकडं पडलंय. शेवटचं प्रकरण तेवढं वाचायचं राहिलंय. म्हटलं, ते वाचावं आणि सगळं देऊन टाकावं.

बारक्या : चांगलं आहे. मन रमेल तुमचं.

दाजी : मन रमण्यासाठी नाही बोलावलं तुला. ती गेली तेव्हा येऊन गेलास, त्यानंतर आज येतोयस.

बारक्या : कामं होती हो. सीझन होता.

दाजी : कामं नव्हती.

बारक्या : दाजी, जाऊ द्या ना.

दाजी : कसं जाऊ देऊ? तू त्या दिवशी दारात उभा राहून सगळ्यांसमोर म्हणालास, माझी बहीण हाका मारून मारून गेली आणि हे पलीकडं कानाला हेडफोन लावून बसले होते.

बारक्या : रागात बोललो.

दाजी : बोललास ते बोललास. तुझी थोरली बहीण, तिनं तुला कडेवर वाढवलं, तू नाही बोलणार तर कोण बोलणार. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पण ते वाक्य घरातून जात नाही, बारक्या. सकाळी दात घासताना तेच, जेवताना तेच. तिनं हाक मारली असेल का? मारली असेल, तर किती वेळा मारली असेल?

बारक्या : डॉक्टर म्हणाले ना. कळलंसुद्धा नसेल त्यांना, म्हणाले.

दाजी : डॉक्टर सगळ्यांनाच तसं म्हणतात. तुला काय वाटतं ते सांग.

बारक्या : मला काही वाटत नाही. तुम्ही ही वायर दाराखालून बाहेर सोडा. मी बाहेर लॅपटॉपला लावतो.

दाजी : दाराच्या त्या कोपऱ्यातून घे. पटाशीनं खाच करून दिली होतीस बघ. टेबलावर ठेव लॅपटॉप, तिच्या खुर्चीसमोर.

बारक्या : अजून इथंच बसून करायचं का? आतच ठेवू की लॅपटॉप तुमच्याजवळ.

दाजी : त्याचा पंखा घरघरतो, तो माइकमध्ये येतो. तूच म्हणालास, याला बाहेर काढा आणि ताईला बसवा समोर राखणीला. म्हणून तर ती इथं बसायची. निवडणं, टिपणं, सगळं या टेबलावर. अधूनमधून पडद्यावर बघायची, रेषा हलतायत की नाही.

बारक्या : बरं, तुम्ही आत जा. दार लावा. मी इथून सांगतो. आला का आवाज माझा?

दाजी : येतोय. बारीक येतोय.

बारक्या : हेडफोन घाला. आता बोला काहीतरी.

दाजी : काय बोलू?

बारक्या : काहीही. तुमचं ते बसस्टँडवरचं बोला. जन्मभर माइकसमोर बसलेला माणूस मला विचारतोय काय बोलू.

दाजी : प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनवर उभी असलेली गाडी थोड्याच वेळात सुटेल. प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी.

बारक्या : वा. अंगावर काटा येतो अजून. मशिनच्या आवाजात ते नाही. हेडफोनमध्ये ऐकू येतंय तुम्हाला?

दाजी : खणखणीत.

बारक्या : परत बोला. जरा जोरात.

दाजी : प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. चालकांनी व वाहकांनी चौकशी खिडकीशी संपर्क साधावा.

बारक्या : थांबा. रेष सरळच आहे. थोडीशी थरथरतेय नुसती. आता बघा, मी खोकलो तर केवढी उडी मारली.

दाजी : काय म्हणतोस? मला ऐकू येत नाहीये नीट.

बारक्या : बाहेर या, दाजी. हेडफोन काढा आणि बाहेर या.

दाजी : काय झालं? वायर खराब आहे का?

बारक्या : वायर चांगली आहे. हा लॅपटॉप तुमचं ऐकतच नाहीये. इथलं ऐकतोय. ही स्क्रीन आहे ना, तिच्या वर बघा, टाचणीएवढं भोक दिसतंय? तो त्याचा स्वतःचा माइक. मिक्सरकडून आवाज घेण्याऐवजी तो त्याच भोकातून घेतोय.

दाजी : मला तर कानात येत होतं सगळं.

बारक्या : हेडफोन मिक्सरला लावलाय ना. मिक्सरपर्यंत तुम्ही पोचताय. पुढं लॅपटॉपनं घेतलं की नाही, ते हेडफोनला काय कळणार?

दाजी : पहिल्या दिवशी तू सगळं लावून गेला होतास. वाजवून दाखवलं होतंस. शाळेत दिली ती प्रकरणं चांगली आली होती.

बारक्या : आली असणार. मी सगळं सेट करून गेलो होतो, तेव्हा चार दिवस कोणी हात लावला नसेल. पण वायर काढली की तो विसरतो. आधी प्रोग्राम उघडला आणि मागून वायर लावली, तर मिक्सर आलाय याचा त्याला पत्ताच नसतो. वायर कोण काढायचं?

दाजी : ती. पहिले काही दिवस तशीच होती, मग एकदा मी अडखळलो तिच्यात. तेव्हापासून रोज संध्याकाळी काढून ठेवायची.

बारक्या : आणि सकाळी?

दाजी : सकाळी तीच लावायची. आधी कॉम्प्युटर चालू करायची, त्याला उठायला वेळ लागतो म्हणून. प्रोग्राम उघडायची. तोवर पिशवीतून वायर काढायची, लावायची, लाल बटण दाबायची, टॉवेल अडकवायची आणि दारावर टिचकी मारायची. मग मी सुरू करायचो.

बारक्या : आधी प्रोग्राम, मग वायर.

दाजी : म्हणजे काय, बारक्या? सरळ सांग.

बारक्या : म्हणजे पहिली प्रकरणं सोडली, तर तुमचं वाचन यात नाही. काही नाही. सॉरी, दाजी. मी एकदा तरी येऊन बघायला पाहिजे होतं.

दाजी : अख्खं पुस्तक वाचलं रे मी. उन्हाळाभर. बंद खोलीत घामाघूम होऊन वाचलं.

बारक्या : कळतंय मला.

दाजी : आणि ती रोज म्हणायची, रेषा हलतायत, छान हलतायत. खोटं कशाला बोलेल?

बारक्या : खोटं नाही. हलतच असणार रेषा. ती इथं बसली होती ना, या भोकासमोर. ती हलली की त्या हलणार. ती बोलली की हलणार.

दाजी : थांब.

बारक्या : काय?

दाजी : म्हणजे त्यात ती आहे?

बारक्या : असेल.

दाजी : माझ्याकडं तिचा आवाज नाही, बारक्या. कुठंच नाही. फोटो आहेत ढिगानं. माझी पोरगी म्हणाली, फोनमध्ये शोधा. फोनमध्ये आहे ते सगळं मीच बोललेलं. कॅमेरा दिसला की ही तोंड मिटायची. लाव. कुठलंही लाव.

बारक्या : आधी पाणी प्या. बसा तिथं. नाही, खुर्चीवर नको बसायला? बरं, स्टूल घ्या. हे एक लावतो, मधलंच कुठलं तरी.

(कॉम्प्युटरमधून आधी भांड्यांचा बारीक आवाज, मग एका बाईचा दबका आवाज येऊ लागतो.)

रेकॉर्डिंग : हळू बोल गं, हळू. आत चालू आहे त्यांचं. तो टॉवेल दिसला नाही का तुला? टॉवेल असला की दार वाजवायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. माझा भाऊ बजावून गेलाय, ताई, घराला आग लागली तरी वाजवायचं नाही. अगं बारक्या गं, स्पीकरवाला. जन्मभर लोकांचे कान किटवले त्यानं आणि आता मला गप्प बसायला शिकवतोय.

दाजी : समोरची शेजारीण आलेली दिसते. अगदी अशीच बोलायची रे ती. असंच. गळ्यातल्या गळ्यात हसायची. ऐकलंस?

बारक्या : असं म्हणालो होतो मी?

दाजी : म्हणालास की. आपण तिघंही हसलो होतो.

बारक्या : आठवत नाही मला.

दाजी : पुढचं लाव. दुसऱ्या दिवशीचं लाव.

रेकॉर्डिंग : प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. भाजी चिरून झालेली आहे. भूक लागलेल्या निवेदकांनी वेळेवर बाहेर यावे, नंतर तक्रार चालणार नाही.

बारक्या : बाप रे. तुमची नक्कल करतेय.

दाजी : माझ्यासमोर कधी केली नाही. एकदाही नाही. बघ ना, कशी हुबेहूब करते. 'चालणार नाही'वर जरा खाली येतो मी, तसंच येते.

बारक्या : लहानपणी आमच्या मास्तरांची करायची. मार खाल्लाय तिनं त्यापायी. आणि माझ्या नावावर ढकलून मलाही खायला लावलाय.

दाजी : चालू ठेव रे. मध्ये बोलू नको.

रेकॉर्डिंग : अगं बाई, पडलं. गेलं आता.

बारक्या : झाकण पडलं वाटतं काहीतरी.

रेकॉर्डिंग : किती वेळा सांगायचं गं तुला? अख्खं पान वाया गेलं. एवढं साधं काम आहे, नुसतं गप्प बसायचं. तेवढंही जमू नये माणसाला?

दाजी : हा मी.

बारक्या : हं.

रेकॉर्डिंग : चुकलं हो. ओला होता हात, निसटलं. जा तुम्ही, परत वाचा. मी आता हलतसुद्धा नाही जागेवरून.

दाजी : असा बोललो मी तिला?

बारक्या : नवरा-बायकोत होतं असं. आमच्या घरी तर रोज होतं.

दाजी : मला वाटत होतं, मी नुसतं म्हणालो, जरा सांभाळून. माझ्या आठवणीत तेवढंच आहे.

रेकॉर्डिंग : मोठे आले. स्टँडवर एवढ्या गाड्या गुरगुरायच्या, पोरं रडायची, तेव्हा बरं अडलं नाही यांचं. आता एका झाकणानं पान वाया जातं.

बारक्या : बघा, मनावर घेतलं नाही तिनं. हसतेय.

दाजी : हसतेय, पण हळू हसतेय. दार लागलंय म्हणून. स्वतःच्या घरात कुजबुजत राहिली रे उन्हाळाभर.

बारक्या : थोडं पुढं घेतो. शेवट बघू या काय आहे.

रेकॉर्डिंग : झालं गं. आलं का नीट?

दाजी : परत मीच.

रेकॉर्डिंग : आलं, आलं. सगळं आलं. घाम पुसा आधी. बसा.

दाजी : रोज हेच. दार उघडायचो आणि पहिलं वाक्य हेच. झालं गं, आलं का नीट. आणि ती म्हणायची, सगळं आलं. तेवढं ऐकलं की मला बरं वाटायचं. स्टँडवरून काढलं मला, मशीन बसवलं, त्यानंतर मला कोणी विचारलं नव्हतं की तुम्ही बोललात ते नीट पोचलं का. ती सांगायची.

बारक्या : तुम्ही एकदाही लावून ऐकलं नाही?

दाजी : मला माझा आवाज ऐकवत नाही. पहिल्यापासून नाही. आणि तिनं सांगितल्यावर तपासायचं कशाला?

बारक्या : बरं. हे सगळं मी एका पेनड्राइव्हवर घालून देतो. पोरीलाही पाठवतो. आता वायर आधी लावतो, मग प्रोग्राम उघडतो, आणि तुमचं शेवटचं प्रकरण...

दाजी : बारक्या.

बारक्या : बोला.

दाजी : त्या दिवशीचं आहे का?

बारक्या : काय माहीत.

दाजी : नुसत्या तारखा आहेत नावाला. तारीख मला विचारायला नको. तूही विसरला नसशील.

बारक्या : आहे. सगळ्यात शेवटचं तेच आहे.

दाजी : लाव.

बारक्या : नाही.

दाजी : लाव म्हणतो.

बारक्या : दाजी, मी पुसून टाकतो ते. तुम्ही ऐकू नका, मी पण ऐकत नाही. बाकीचं एवढं आहे की. हसतेय, नकला करतेय. ते ठेवा.

दाजी : हात लावलास तर बघ.

बारक्या : तुम्हाला सहन होणार नाही.

दाजी : आणि आता होतंय ते काय आहे? तुला काय वाटतं, मी झोपतो?

बारक्या : मला भीती वाटतेय. सरळ सांगतो तुम्हाला. त्यात तिनं हाका मारलेल्या असल्या ना, तर मी तुम्हाला कधी माफ करू शकणार नाही. मी ओळखतो मला. आज इथवर येताना मनाशी ठरवून आलो होतो, झालं गेलं सोडून द्यायचं. ताईनंतर मला तुम्हीच आहात. मला परत चिडायचं नाहीये तुमच्यावर.

दाजी : हाक असली तर नको करू माफ. माझं काही म्हणणं नाही. पण मला कळायला पाहिजे. तू जे बोललास ते खरं होतं की नव्हतं, एवढं कळलं की मी एक तर मोकळा होईन, नाही तर नाही होणार. असं मधल्यामधे लटकून नाही राहवत आता. पोरगी म्हणते, माझ्याकडं राहायला या. कसा जाऊ? हेच घेऊन जाऊ तिच्या घरी?

बारक्या : पाणी घ्या अजून.

दाजी : पाणी नको मला. लाव.

बारक्या : सुरुवातीला काही नाही. भांडी. खुर्ची सरकली. थोडं पुढं घेतो.

दाजी : पुढं नको घेऊस. सगळं ऐकायचं आहे.

बारक्या : बरं.

रेकॉर्डिंग : किती उकडतंय आज. पंखा लावावा का? नको, आत आवाज जायचा.

दाजी : ऐकलंस? पंखासुद्धा नाही लावला.

बारक्या : हं.

रेकॉर्डिंग : अगं आई. हे काय होतंय. हातात कळ कसली आली ही. थांब, थांब जरा. श्वास घे.

बारक्या : दाजी, बंद करू?

दाजी : नाही.

रेकॉर्डिंग : अहो.

दाजी : अहो म्हणाली.

बारक्या : म्हणाली.

दाजी : पण एवढ्या हळू? या टेबलावर बसलेल्या माणसाला जेमतेम ऐकू येईल, एवढ्या हळू? अशी हाक कोण मारतं रे?

बारक्या : थांबा. चालतेय ती. पावलं आहेत ही. दाराकडं जातेय.

रेकॉर्डिंग : अहो. नको. टॉवेल आहे. होतच आलं असेल त्यांचं पान. बाहेर आले की सांगते.

बारक्या : परत आली. दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

दाजी : हात पोचला होता रे तिचा दारापर्यंत.

बारक्या : वाजवलं नाही तिनं.

रेकॉर्डिंग : बसते जरा. बसलं की बरं वाटेल.

दाजी : पुढं?

बारक्या : पुढं काही नाही. खुर्चीचा आवाज आला तेवढा. आता नुसतं शांत आहे.

दाजी : शांत नाही. मागून काहीतरी येतंय. लांबून. आवाज वाढव.

बारक्या : वाढवतो. हे तुम्ही आहात, दाजी. दारापलीकडून. वाचताय.

दाजी : वादळातून सुटून होडी परत निघते तो भाग आहे. चांगला जमला होता त्या दिवशी. मला वाटलं होतं, आज बाहेर जाऊन हिला सांगू, आज फारच छान झालं म्हणून.

बारक्या : मी चेष्टेनं म्हणालो होतो. आग लागली तरी वाजवायचं नाही. चेष्टेनं म्हणालो होतो, दाजी. माणूस बोलतो तसं. ती वेडी खरं धरून बसली.

दाजी : तुझ्या बोलण्यानं नाही. झाकण पडलं तेव्हा मी बोललो, त्यानं.

बारक्या : आणि मी दारात उभा राहून तुम्हाला बोललो. सगळ्यांसमोर. आणि तिला वाजवू नको सांगणारा मीच.

दाजी : गप्प बस. रडू नकोस असा. तू तिचा लाडका होतास. तू म्हणाला असतास, ताई, श्वास घेऊ नको, तर तेही केलं असतं तिनं.

बारक्या : असं नका बोलू.

दाजी : तुला दुखवायला नाही बोललो. खरंच तशी होती. एखाद्यानं काम सांगितलं की मनापासून करायची. गप्प बसायचं काम दिलं आपण तिला. ते केलं.

बारक्या : हाका नाही मारल्या तिनं. म्हणजे मी बोललो ते खोटं होतं. तुम्हाला ऐकू न यायचा प्रश्नच नव्हता.

दाजी : मारली असती तर बरं झालं असतं रे. ओरडली असती, दार बडवलं असतं, आणि मला ऐकू आलं नसतं, तर मी बहिरा ठरलो असतो. तेवढंच. तू शिव्या दिल्या असत्यास, मी खाल्ल्या असत्या. आता हिनं माझं पान संपायची वाट बघितली. आणि ते पान त्यात आलंच नाही.

बारक्या : कशाला ऐकलं आपण हे.

दाजी : ऐकायलाच पाहिजे होतं. तिनं कोणाला सांगितलं असतं नाही तर?

बारक्या : आता बंद करतो. अजून वाचताय तुम्ही. बराच वेळ आहे हे असंच.

दाजी : असू दे. पान संपू दे.

बारक्या : दाजी.

दाजी : तिनं पण एवढंच ऐकलं शेवटचं. तर आपणही ऐकू. बस माझ्याजवळ. इकडं सरक, तिच्या खुर्चीत बस, काही होत नाही.

बारक्या : आवाज चांगला लागलाय तुमचा. दारामागून असला तरी कळतंय.

दाजी : कळतंय का शब्द?

बारक्या : सगळे नाही. ती पोरगी वल्ही धरते, तिथवर कळलं. पुढचं नाही कळत. पोचते का ती?

दाजी : पोचते. शेवटच्या प्रकरणात. ते वाचायचं राहिलंय. सगळंच राहिलंय आता, पहिल्यापासून वाचावं लागेल.

बारक्या : मी येईन. इथं बसेन. दार उघडं ठेवू आपण, आली घरघर तर आली. पोरांना काय त्याचं.

दाजी : श्श. संपत आलं.

रेकॉर्डिंग : झालं गं. आलं का नीट?

बारक्या : बंद केलं. पुढचं नको. पुढचं आपल्याला माहीत आहे.

दाजी : विचारलं होतं मी तिला. रोजच्यासारखं विचारलं होतं. उत्तर आलं नाही म्हणून वाटलं, बसल्या बसल्या डोळा लागला असेल. परत नाही विचारलं, झोपमोड होईल म्हणून. हेडफोन गुंडाळत उभा होतो दारात.

बारक्या : आलं, दाजी. सगळं आलं.